शेवटचा डबा कोणी पाहिला?

ईरा, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, आज आम्ही गाडीनं दुसऱ्या देशात जाऊन आलो आणि कोणी काही विचारलंच नाही!" तुम्ही डब्लिनहून बेलफास्टला गेला होता. वाटेत फाटक नाही, पोलीस नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल दिसू लागले, एवढा एकच फरक तुझ्या भावानं, नीलनं टिपून ठेवला होता. तू सांगत होतीस आणि मला दौंडचे एक गृहस्थ आठवत होते. त्यांनी विमान पाहिलं ते फक्त खालून. तरीही त्या तुमच्या रस्त्याबद्दलचा नेमका प्रश्न आमच्या सगळ्या ऑफिसात त्यांनीच पहिल्यांदा विचारला होता. त्यांच्याबद्दल लिहीन असं मी तुला कबूल केलं, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही कोणी ते वापरतही नव्हतो. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत.

ते रेल्वेत गार्ड होते. गार्ड गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. निवृत्त झाल्यावर ते कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्यात डिस्पॅचच्या गेटवर कामाला लागले. माल भरलेला प्रत्येक ट्रक त्यांच्या सहीनं बाहेर पडायचा. मीसुद्धा शाळेतून निवृत्त झाल्यावर आठवड्याचे तीन दिवस त्याच कारखान्यात परदेशी ग्राहकांना इंग्रजी पत्रं लिहायला जात असे. दौंडहून कंपनीची बस होती. गार्डसाहेबांची जागा कायम शेवटच्या बाकावर. बस थांबली की सगळे उतरेपर्यंत ते बसून राहत, मग एकेक बाक वाकून बघत पुढे येत. माझी चष्म्याची डबी त्यांना तीनदा सापडली.

"बाई, तुमचा चष्मा तुमच्यापरीस जास्त प्रवास करतो," असं म्हणून ती माझ्या हातात देत.

पुढच्या वेळी दौंडला याल तेव्हा फलाटावर उभं राहून गाडी जाताना बघा. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगवलेली असते आणि खाली एक लहान पाटी टांगलेली असते, तिच्यावर 'एल. व्ही.' अशी दोन इंग्रजी अक्षरं. म्हणजे हा शेवटचा डबा. स्टेशनावरून गाडी गेली की तिथल्या माणसानं ही पाटी डोळ्यांनी पाहायची असते. पाटी दिसली, तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली, तर काही डबे मागे कुठेतरी रुळावर उभे आहेत, आणि मागून दुसरी गाडी सोडायची नाही. गार्डसाहेबांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी दौंडात पस्तीस वर्षं राहत होते आणि ती पाटी एकदाही पाहिलेली नव्हती. आपण सगळे इंजिनाकडे बघतो.

नोकरी संपली तरी त्यांची ही सवय संपली नाही. उलट ती अंगभर पसरली. वर्तमानपत्र ते मागच्या पानाच्या खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करत. लग्नाला गेले की शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवात थांबत, मग आचाऱ्याजवळ जाऊन "झालं का समदं पूर्ण?" असं विचारत आणि घरी जात. कारखान्यात त्यांच्या टेबलाच्या खणात एक शिट्टी, एक लाल झेंडी आणि एक हिरवी झेंडी असे. ट्रक भरला की ते मागे चालत जात, शेवटच्या रांगेतल्या गोणीवर खडूनं फुली मारत, "पूर्ण" असं स्वतःशी म्हणत, मग पुढे येऊन शिट्टी मारत आणि हिरवी झेंडी दाखवत.

बिहारकडचे ड्रायव्हर हसायचे. "चाचा, ये ट्रक है, ट्रेन नहीं."

"मालूम है, बेटा. पीछे देखने दे."

तुमची आई पहिल्यांदा आयर्लंडला निघाली तेव्हा आम्ही तिला दौंड स्टेशनावर सोडायला गेलो होतो. गाडी हलली. आम्ही सगळे तिच्या खिडकीबरोबर धावलो. ती खिडकी दिसेनाशी झाली, तेव्हा बघते तर गार्डसाहेब फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे. त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं. संथपणे चालत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, गाडी पूर्ण गेली. मी पाहिली. काळजी करू नका." मी रडत होते ती हसायला लागले.

आता मुख्य गोष्ट.

आमचा कारखाना रंगात मिसळायची एक पांढरी भुकटी बनवत असे. युरोपात ती विकायची तर आधी तिथे तिची नोंदणी लागते. आमची नोंदणी ब्रिटनमधल्या एका एजंटच्या नावावर होती आणि त्या एका नोंदणीवर युरोपियन संघातल्या सगळ्या देशांत आमचा माल जाई. मग ब्रिटन त्या संघातून बाहेर पडलं. ब्रिटनमधली नोंदणी बाकीच्या सत्तावीस देशांना चालेना आणि ब्रिटन आपली वेगळी मागू लागलं. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. एका देशानं घर बदललं आणि कुरकुंभच्या एका शेडमधली यंत्रं अर्धा दिवस बंद राहू लागली. याचं मला फार नवल वाटे.

सगळ्यात जास्त झळ लागली ती पॅकिंगच्या बायकांना. त्या कंत्राटावर होत्या. त्यांची पुढारी रुबिना, दौंडचीच, तोंडानं तिखट आणि हातानं चपळ. नवऱ्याच्या पायाला अपघात होऊन तो घरी बसलेला, घर हिच्या कामावर. शेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी रुबिनाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "बेलफास्टचं एक नवं गिऱ्हाईक आलंय. पहिला माल नीट पोचला तर ते वर्षभर घेणार. अडकला तर महिनाअखेरीला तुमचं कंत्राट मला पुढे चालवता येणार नाही."

गार्डसाहेबांना या सगळ्यात भलताच रस. चहाच्या वेळेला ते माझ्या टेबलाशी येत.

"बाई, डबा सोडायचा म्हंजी आधी हवेची नळी तोडत्यात, मग कपलिंगचा आकडा, आन् समदं झालं की शिट्टी. ह्यांनी कसं केलं?"

मी म्हटलं, "आधी लोकांनी मतं दिली. मग कसं बाहेर पडायचं यावर काही वर्षं चर्चा चालली."

"म्हंजी आधी शिट्टी मारली आन् मग कपलिंग कुठं हाय ते शोधत बसले!" एवढं बोलून ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

दुसऱ्या दिवशी नवीन प्रश्न. "सुटलेला डबा तसाच उभा ठेवता येत न्हाई. यार्डात जागा अडती. आता कुनाला जोडणार?"

मी सांगितलं, लांबलांबच्या देशांशी करार करायचं चाललंय, आपल्याशीही बोलणी होणार म्हणतात.

"आपल्या गाडीला? मग इंजिन कुनाचं?"

आता तर आपला आणि त्यांचा करार झालासुद्धा, सह्या झाल्या, पण इंजिन कोणाचं हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गोंधळ दिसला की मी तक्ता करते. तेव्हाही केला. कागदाच्या मधोमध पट्टीनं उभी रेघ, डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. आत सत्तावीस नावं वर्णानुक्रमानं, बाहेर ब्रिटन. प्लॅस्टिकमध्ये घालून तो लेबलांच्या टेबलावर लावला. आतल्या देशांना एक लेबल, ब्रिटनला दुसरं. शेठनी कौतुक केलं. गार्डसाहेब मात्र तक्त्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

"तक्ता झ्याक झालाय. पर बाई, शेवटचा डबा कुणी पाहिला?"

"म्हणजे?"

"ब्रिटन समदं बाहेर पडलं, हे कुणी मागं जाऊन पाहिलं का?"

मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "गार्डसाहेब, देश म्हणजे रेल्वे नाही. देश जातो तेव्हा सगळा जातो."

इंग्लंड आणि ब्रिटन यांत गल्लत करणाऱ्या मुलांच्या वह्या मी जन्मभर लाल केल्या. त्या बळावर मी हे वाक्य बोलले. ते माझ्या आयुष्यातल्या चुकीच्या वाक्यांत बरंच वर आहे.

बेलफास्टचा माल भरायचा दिवस उजाडला. रुबिना आणि तिच्या बायकांनी दोन दिवस खपून ब्रिटनची लेबलं चिकटवली होती. ट्रक भरून उभा, त्याला मुंबईजवळच्या बंदरावर जायचं होतं. गार्डसाहेब मागे गेले. खडू काढला आणि थांबले. त्यांना इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचता यायची आणि वाचायची ती खालून वर. पत्त्याची खालची ओळ त्यांनी वाचली, युनायटेड किंगडम. मग तिच्या वरची. मग त्यांनी मला बोलावलं.

"बाई, हितं आयर्लंड लिवलंय. तुमची लेक ऱ्हाती ते आयर्लंड तर तुमच्या तक्त्यात 'आत' हाय."

"ते वेगळं. हे उत्तर आयर्लंड, ब्रिटनचा भाग."

"एकाच बेटावर?"

"हो."

"मग दोघांच्या मधी काय हाय? नदी? फाटक?"

मला त्या बेटाच्या राजांची नावं येत होती. पण रस्त्याच्या मध्ये काय आहे हे मला माहीत नव्हतं.

गार्डसाहेबांनी फुली मारली नाही. खडू खिशात ठेवला आणि खणातून लाल झेंडी काढून ट्रकच्या समोर उभे राहिले. ड्रायव्हर हसायचा थांबला. शेठ बाहेर आले.

"गार्डसाहेब, काय चाललंय? ब्रिटन बाहेर पडलं हे अख्ख्या जगानं टीव्हीवर पाहिलं!"

"शेठ, जगानं इंजिन पाहिलं."

"अहो, जहाज चुकेल!"

"चुकू द्या. चुकलेलं जहाज परत मिळतं. भलत्या ठिकाणी उतरलेला माल न्हाई मिळत."

तेवढ्यात रुबिना पुढे आली. तिचा आवाज चढला होता. "मामा, दोन दिस आमी मान मोडून ही लेबलं चिकटवलीत. ही गाडी गेली न्हाई तर आमचं काम जाईल. तुमचं काय जातंय? तुमाला पेन्शन हाय!"

गार्डसाहेबांनी झेंडी खाली केली नाही. "पोरी, तुझं काम जाऊ नये म्हणूनच हुबा हाय," एवढंच ते बोलले. तिनं तोंड फिरवलं.

शेठनी मला सांगितलं, "बाई, त्या गिऱ्हाइकाला ईमेल करा. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं तर ठीक, नाहीतर ट्रक आहे तसा जाणार."

मला त्या ईमेलची लाज वाटत होती. काय विचारायचं? तुम्ही कुठल्या देशात आहात? मी घरी येऊन आधी तुमच्या आईला फोन केला. तू तेव्हा फारच लहान होतीस, मागे रडत होतीस.

"तुम्ही बेलफास्टला जाता तेव्हा मध्ये काय लागतं?"

"काही नाही. रस्ता आहे."

"कस्टम? चौकी?"

"आई, काहीच नाही. का गं?"

मी फोन ठेवला. मध्ये काहीच नसेल, तर बेलफास्टची गोणी उद्या डब्लिनला आणि तिथून पुढे कुठेही जाईल. ती जाऊ द्यायची, तर तिच्यावर आतले नियम असायला हवेत. मग बेलफास्ट माझ्या रेघेच्या कुठल्या बाजूला? मी ईमेल लिहिला, लाज बाजूला ठेवून, अगदी साधा. तुमचा देश बाहेर पडला हे आम्हाला माहीत आहे. पण तुमचं शहर, या मालापुरतं, कोणाच्या नियमांनी चालतं?

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, शेठनी दिलेली वेळ संपता संपता. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड अजून संघाच्याच नियमांवर आहे. ब्रिटनचं लेबल लावलेला माल अडकला असता. लेबलावर त्यांची संघातली नोंदणी आणि पत्ता हवा होता, तो त्यांनी सोबत पाठवला होता. पुढच्या जहाजानं आलं तरी चालेल. आणि खाली एक ओळ होती, की तुम्ही कुठे आहात असं आम्हाला विचारणारे तुम्ही पहिलेच पुरवठादार.

मी ते पत्र मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. शेठ आत जाऊन स्वतः छपाईचं बघू लागले. गार्डसाहेबांनी लाल झेंडी गुंडाळली आणि ते गोण्यांपाशी जाऊन बसले. ओल्या फडक्यानं एक लेबल भिजवून नखानं सोलायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या पट्टीचा मला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला, कडा उचलायला बरी होती. रुबिना थोडा वेळ लांब उभी होती. मग आली, त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"असं न्हाई, मामा. फाटंल ते. द्या हिकडं." आणि थोड्या वेळानं, मान वर न करता, "काल जास्तच बोलले मी."

"बोललीस ते बरं केलंस," ते म्हणाले आणि लेबलं सोलता सोलता त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. आधी कधीच कोणाला सांगितली नव्हती.

नोकरीची पहिली वर्षं. मालगाडी, दुपारची वेळ. त्या काळच्या काही मालगाड्यांना शेवटपर्यंत ब्रेकची नळी नसे. दोन लहान स्टेशनांच्या मध्ये कपलिंग तुटलं. इंजिन पुढचे डबे घेऊन निघून गेलं आणि मागचे चार डबे रुळावर थांबले. शेवटच्यात गार्डसाहेब.

"पुढल्या स्टेशनावर गाडी पोचली. तिथल्या मानसाचं ध्यान दुसरीकडं. त्यानं इंजिन पाहिलं, मागं पाहिलंच न्हाई. त्याच्या लेखी गाडी पूर्ण आली. म्हंजी बघा, जगाच्या लेखी मी पोचलेलो, आन् मी तर हितं, उन्हात, चार डब्यांसंगं."

"मग?" रुबिनाचे हात थांबले होते.

"मागून पॅसेंजर सोडलेली. मी रुळावरनं उलटा पळालो. फटाके लावले रुळाला, चाकाखाली वाजत्यात ते. आन् लाल झेंडी घेऊन हुबा ऱ्हायलो. थांबली गाडी. हितनं त्या भिंतीइतकी लांब." त्यांनी बोटानं दाखवलं. भिंत फार लांब नव्हती. "तवापासनं मला इंजिनाचं काय वाटत न्हाई, पोरी. मागं कोन ऱ्हायलंय तेवढं बघतो."

ट्रक तिसऱ्या दिवशी गेला. गार्डसाहेबांनी फुली मारली, शिट्टी वाजवली. माल पोचला, बेलफास्टवाल्यांनी वर्षभराची मागणी नोंदवली आणि महिनाअखेरीला पॅकिंगच्या सगळ्या बायका कामावर राहिल्या. मी तक्ता काढून नवा केला. आता त्यात तीन रकाने होते. मधल्या रकान्यात एकच नाव होतं, आणि त्याला काय शीर्षक द्यावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून ते कोरं ठेवलं.

गार्डसाहेब आता काम करत नाहीत. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला त्यांच्या मूळ घरी राहतात. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना भेटायला गेले. गुडघे गेलेत, कानही. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती जिथे खणून काढली त्या टेकाडाकडे बोट करून त्यांनी आधी मलाच विचारलं, "बाई, ही मानसं गाव सोडून गेली म्हंत्यात. शेवटचा कोन गेला असंल?" मी म्हटलं, त्याची नोंद नाही. त्यांना ते पटलं नाही.

मग मी त्यांना तुझी बातमी दिली. नातवंडं त्या रस्त्यानं गेली, कोणी अडवलं नाही, फक्त मैलांच्या पाट्या.

"मग फाटक ठेवलंय कुठं? कुठंतरी आसंलच."

"समुद्राकाठी, बंदरावर. ब्रिटनमधून त्यांच्याच बेलफास्टकडे जाणारा काही माल तिथे तपासतात."

"आपल्याच डब्यातनं आपल्याच डब्यात जाताना तिकीट दाखवायचं?" ते बराच वेळ हसत राहिले.

"रुबिना काय म्हंती?" त्यांनी एकाएकी विचारलं.

मी सांगितलं, रुबिना आता कंत्राटावर नाही, कायम झाली. डिस्पॅचच्या गेटवर त्यांच्याच टेबलाशी बसते. ड्रायव्हर तिला म्हणतात, दीदी, ये ट्रक है, ट्रेन नहीं.

"झेंडी दाखवती?"

"दाखवते."

"त्याच्या आधी मागं जाती का?"

"जाते. खडू घेऊन."

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

"मग पूर्ण," ते म्हणाले.